गावोगावची फळमाशी

पाठप्रवेश

पिकलेल्या केळ्यांचा घड दोन दिवस टोपलीत राहिला, की त्याच्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. ती कोठून आली हे कोणी पाहिलेले नसते. हाताने वारली तर क्षणभर उडतात आणि पुन्हा तेथेच येऊन बसतात. घरातील माणसे त्यांच्याकडे त्रासापलीकडे दुसऱ्या दृष्टीने पाहत नाहीत. मात्र गेली शंभराहून अधिक वर्षे जगभरातील शास्त्रज्ञ याच चिलटांचे निरीक्षण करीत आले आहेत आणि आनुवंशिकतेविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्यातील मोठा भाग या क्षुद्र वाटणाऱ्या कीटकाकडून मिळालेला आहे.

प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढणाऱ्या माशीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत पाठात मोकळ्यावर, म्हणजे रानात, बागेत, बाजारात आणि घरात राहणाऱ्या माशीचा विचार केला आहे. हा पाठ अभ्यासल्यावर जनुकीय विविधता म्हणजे काय, अधिवासाशी तिचा संबंध कसा येतो आणि एखादा फरक आनुवंशिक आहे की केवळ परिस्थितीमुळे आलेला आहे हे कसे ठरवतात, ते तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. पारिभाषिक शब्द जेथे प्रथम येतो, तेथेच त्याचा अर्थ दिला आहे.

मूळ पाठ

टोपलीतील दोन जीव

तमिळनाडूतील तंजावर हे शहर कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. भात हे या प्रदेशाचे मुख्य पीक. पण त्याच्या जोडीने केळीच्या बागाही जागोजाग दिसतात. पान जेवायला, फूल व खोडाचा गाभा भाजीला आणि फळ देवापुढे, अशा रीतीने केळीचा जवळजवळ प्रत्येक भाग तेथे उपयोगी पडतो. ‘पूवन’ नावाची लहान, किंचित आंबटगोड केळी तेथील दुकानांत घडाने टांगलेली असतात. जेथे पिकलेली केळी, तेथे चिलटे हे ओघानेच आले.

अशा घडावर दोन जीव शेजारीशेजारी असतात, आणि त्यांच्या जन्माची रीत अगदी वेगळी आहे. पूवन केळ्यात रुजणारे बी नसते. जुन्या झाडाच्या कंदाला फुटलेला मुनवा काढून लावला, की त्यातून नवे झाड उभे राहते. त्यामुळे एका बागेतील पूवन ही दुसऱ्या बागेतील पूवनची जणू नक्कलच असते. जळगाव जिल्ह्यात घेतली जाणारी ‘ग्रँड नैन’ केळीही अशीच आहे. फरक इतकाच, की तिची रोपे आता बहुधा ऊतिसंवर्धनाने तयार केली जातात. माशीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक पिल्लाला अर्धा वारसा आईकडून आणि अर्धा बापाकडून मिळतो. त्यामुळे एका घडावर बसलेल्या वीस चिलटांपैकी कोणतीही दोन अंतर्यामी तंतोतंत सारखी नसतात.

सजीवांच्या पेशींत धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात आणि त्यांवर आनुवंशिक गुण ठरवणारे घटक, म्हणजे जनुके, ओळीने वसलेली असतात. एकाच जनुकाची थोडीथोडी वेगळी रूपे एका जातीच्या निरनिराळ्या जिवांत आढळतात. या निरनिराळ्या रूपांच्या एकूण साठ्याला त्या जातीची ‘जनुकीय विविधता’ म्हणतात. एका ठिकाणी राहणाऱ्या आणि आपसांत प्रजनन करणाऱ्या जिवांना मिळून येथे ‘समूह’ म्हटले आहे. आणि जेथे तो समूह राहतो ती जागा, तेथील हवा, पाणी, अन्न व शत्रू यांसह, म्हणजे त्याचा ‘अधिवास’.

विविधता नसल्यास काय होते, हे केळीनेच दाखवून दिले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व युरोपच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ नावाच्या एकाच वाणाची केळी जात असत. जमिनीतील एका बुरशीने, ‘पनामा’ या मर रोगाने, त्या बागा एकामागून एक बसवल्या. सर्व झाडे सारखी असल्यामुळे एक झाड ज्याला बळी पडले त्याला सर्वच बळी पडली आणि १९६० च्या दशकापर्यंत त्या वाणाचा मोठा व्यापार संपुष्टात आला. त्याची जागा कॅव्हेंडिश गटातील वाणांनी घेतली. जळगावची ग्रँड नैन याच गटातील. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतात बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. घडावर बसणाऱ्या चिलटावर मात्र असा सरसकट घाला घालणे फार अवघड आहे.

दिसायला एक, असायला अनेक

ज्याला मराठीत चिलट म्हणतात त्यात अनेक जाती मोडतात. शास्त्रज्ञांना सर्वांत परिचित असलेली जात ‘ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर’ ही होय. ड्रोसोफिला या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दवावर प्रेम करणारी’. मेलानोगॅस्टर म्हणजे ‘काळ्या पोटाची’. या माशीची लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर असते. गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या आणि सुमारे चौदा हजार जनुके एवढा तिचा वारसा आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी होण्यास सुमारे दहा दिवस लागतात.

भारतात, विशेषतः उष्ण प्रदेशांतील वस्त्यांत, तिच्याइतकीच सामान्य असलेली दुसरी जात म्हणजे ‘ड्रोसोफिला अननासी’. या जातीचे वर्णन १८५८ साली प्रथम करण्यात आले ते इंडोनेशियातील अंबोन येथील माश्यांवरून. माणसाच्या घराशी आणि फळांच्या टोपल्यांशी जडलेली ही माशी आता उष्ण कटिबंधात सर्वत्र आढळते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. कोकणातील आंबा बागायतदार जिला ‘फळमाशी’ म्हणतो, ती ही नव्हे. ती आकाराने घरमाशीएवढी असते, वेगळ्या कुळातील असते आणि चांगल्या, न सडलेल्या फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. चिलटे बहुतेक सडू लागलेल्या फळावर, किंबहुना त्या फळावर वाढणाऱ्या किण्वावर, म्हणजे यीस्टवर, जगतात. मोठ्या फळमाशीचा विषय पुढे येईलच.

मेलानोगॅस्टर ही मूळची आफ्रिकेची. आफ्रिकेतील समूहांत तिची जनुकीय विविधता जगात सर्वांत अधिक आढळते. झिम्बाब्वेतील माटोबो टेकड्यांत मारुला नावाच्या रानफळाच्या झाडांखाली तिचे रानटी समूह सापडल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी त्या भागातील माणसे गुहांत मारुलाची फळे साठवीत. त्या साठ्यांच्या ओढीने ही माशी माणसाच्या सहवासात आली असावी, असा तर्क आहे. पुढे माणसाबरोबरच ती जगभर पसरली. जी मूठभर माशी प्रत्येक वेळी पुढे गेली, तिने मूळ साठ्यातील काही रूपेच बरोबर नेली. म्हणून आफ्रिकेबाहेर विविधता कमी आहे. तरीही ती थोडी नाही.

तंजावरची मराठी आणि तेथील माशी

स्थलांतरानंतर समूह कसे बदलतात हे समजून घेण्यासाठी तंजावरचेच एक उदाहरण उपयोगी पडेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. राजांबरोबर गेलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा दीर्घ मराठी शिलालेख आजही वाचता येतो. या कुटुंबांची घरातील मराठी मात्र महाराष्ट्रातील मराठीपासून हळूहळू निराळी झाली. काही जुने प्रयोग तिने जपले, तमिळचे पुष्कळ शब्द व लकबी घेतल्या. मूळ एक, पण परिसर वेगळा आणि मूळ प्रवाहाशी येणे-जाणे कमी. त्यामुळे फरक साचत गेला.

माशीच्या समूहांतही फरक साचतो तो याच कारणांनी. पण उपमा येथवरच खरी आहे. तंजावरच्या मराठी घरातले तान्हे मूल पुण्यात वाढवले, तर ते पुण्याची मराठी बोलेल. कारण भाषा वारशाने रक्तात उतरत नाही, ती शिकावी लागते. माशीचा फरक कोणत्या प्रकारचा आहे? तो तेथील हवेने आणि अन्नाने घडवलेला आहे की वारशातच आहे? तिच्या बाबतीतही ‘तान्हे मूल दुसरीकडे वाढवून’ पाहिले पाहिजे.

शास्त्रज्ञ नेमके तेच करतात. कुस्करलेले केळे आणि थोडे यीस्ट बाटलीत घालून ती बाटली झुडपाला बांधून ठेवतात. जमलेल्या माश्यांतील एकेक मादी स्वतंत्र नळीत ठेवून तिच्यापासून वेगळा वंश वाढवतात. निरनिराळ्या गावांच्या माद्यांचे असे वंश एकाच खोलीत, एकाच तापमानाला, एकाच अन्नावर काही पिढ्या वाढवले जातात. त्यानंतरही दोन गावांच्या वंशांत फरक उरला, तर तो वारशातील फरक होय. परीक्षेची ही रीत साधी दिसते. पण ती नसेल तर ‘इकडची माशी काटक, तिकडची नाजूक’ यांसारखी विधाने गावगप्पांपलीकडे जात नाहीत.

वेळेचा हिशेबही ध्यानात घ्यावा. तंजावरच्या मराठी कुटुंबांच्या साडेतीनशे वर्षांत साधारण चौदा पिढ्या झाल्या. अनुकूल हवेत माशीच्या तितक्या पिढ्या पाच-सहा महिन्यांत होतात.

पाठगत प्रश्न १

(अ) पूवन केळीच्या दोन झाडांत जनुकीय फरक जवळजवळ का नसतो?
(आ) भाषेचे उदाहरण माशीला कोठपर्यंत लागू पडते आणि कोठे लागू पडत नाही?

डोंगर, ऋतू आणि उलटे खंड

नैसर्गिक समूहांच्या अशा अभ्यासाचा पाया मूळचे रशियन आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी घातला. त्यांनी निवडलेली जात होती ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा. या माश्यांच्या अळीच्या लालाग्रंथींतील गुणसूत्रे इतकी जाड असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरील आडवे पट्टे मोजता येतात. डोब्झान्स्की यांना आढळले, की काही माश्यांत गुणसूत्राचा एखादा तुकडा मधून सुटून, उलटा होऊन पुन्हा जोडला गेला आहे. ओळीत उभ्या असलेल्या मुलांपैकी मधल्या दहा जणांनी उलट क्रमाने उभे राहावे, तसे हे झाले. अशा उलटलेल्या खंडातील जनुकांची अदलाबदल सहसा होत नाही. ती एकत्र, एखाद्या बांधलेल्या गाठोड्यासारखी, पुढील पिढीत जातात.

कॅलिफोर्नियातील सॅन जसिंटो डोंगरावर त्यांनी वर्षानुवर्षे माश्या पकडल्या. १९४३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी अनेकांना चकित केले. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत एका प्रकारच्या मांडणीचे प्रमाण घटत जाई व दुसरीचे वाढे, आणि पुढे ते पुन्हा बदले. उत्क्रांती ही लाखो वर्षांची संथ चाल आहे असेच तोवर मानले जाई. येथे ती ऋतूंबरोबर हलताना दिसत होती. सिएरा नेवाडा पर्वतात चढत जावे तसतसे प्रमाण बदलत जाते, हेही त्यांनी दाखवले.

तरी सर्व जनुकांत मिळून किती विविधता असते याचा अंदाज नव्हता. १९६६ मध्ये शिकागो येथे रिचर्ड ल्यूवाँटिन आणि जॉन हबी यांनी माश्यांतील प्रथिने जेलीसारख्या थरावर ठेवून विजेच्या प्रवाहाने वेगळी केली. रचनेत थोडा फरक असलेले प्रथिन थोडे वेगळ्या अंतरावर जाऊन थांबते. तपासलेल्या जनुकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जनुके एकाहून अधिक रूपांत आढळली. रानातील बहुतेक माश्या सारख्याच असतात आणि वेगळी असते ती विकृती, या समजुतीला हा मोठाच धक्का होता.

कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत

भारत ही अशा अभ्यासासाठी जणू मुद्दाम आखलेली प्रयोगभूमी आहे. दक्षिण टोकाला वर्षभर उबदार आणि दमट हवा; उत्तरेला कोरडा, कडक उन्हाळा आणि त्यामागून बोचरी थंडी. तंजावरला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांनी पडतो. थंडी अशी तेथे पडतच नाही. तेथील चिलटाला जानेवारीत गारठून मरण्याची भीती नाही. हरियाणातील चिलटाला ती आहे.

हरियाणातील रोहतक येथील महर्षी दयानंद विद्यापीठात रवी प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे निरनिराळ्या ठिकाणांच्या माश्या जमवून दीर्घकाळ अभ्यास केला. फ्रान्समधील जाँ दाविद यांच्यासमवेत केलेले त्यांचे एक संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन जातींच्या माश्यांची दोन प्रकारे परीक्षा घेतली होती. काही माश्यांना कोरड्या नळीत ठेवले. हवेतील ओलावा शोषण्यासाठी सिलिका जेल घातले. नव्या बुटांच्या खोक्यात ज्याच्या पुड्या ठेवलेल्या असतात, तोच हा पदार्थ. दुसऱ्या माश्यांना ओलावा दिला, पण अन्न दिले नाही. कोणत्या गावच्या माश्या किती तास तग धरतात, ते मोजले.

उत्तर मोठे मार्मिक निघाले. कोरडेपणा सोसण्याची शक्ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत गेली आणि उपास सोसण्याची शक्ती त्याच वाटेने घटत गेली. दोन्ही गुणांचा उतार एकमेकांच्या उलट, आणि तोही तिन्ही जातींत. उत्तरेत हवा कोरडी व ऋतू टोकाचे, म्हणून शरीरातील पाणी राखणाऱ्या माश्या तेथे टिकल्या. दक्षिणेत पाण्याची चिंता नाही. परंतु उबदार हवेत शरीराचा खर्च सतत चालू राहतो, त्यामुळे अन्नाशिवाय तग धरण्याला किंमत आली, असे स्पष्टीकरण दिले जाते. ‘दक्षिणेची माशी दुबळी की उत्तरेची?’ हा प्रश्नच त्यामुळे निरर्थक ठरतो. कशापुढे दुबळी, हे आधी विचारले पाहिजे.

पुढे रवी प्रकाश यांच्या गटाने पश्चिम हिमालयातील उंचावरच्या आणि पायथ्याच्या मेलानोगॅस्टर माश्यांची तुलना केली. उंचावरच्या माश्यांचे पोट अधिक काळसर असते आणि त्यांच्या अंगातून पाणी कमी उडते. काळा रंग ऊन शोषून ऊब देतो हे तर उघडच आहे. पण त्याच रंगाचा कोरडेपणाशीही संबंध असावा, ही गोष्ट सहज सुचणारी नव्हती.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ड्रोसोफिला अननासीमधील उलट्या खंडांचा अभ्यास केला. या जातीत तीन उलटे खंड जगभर आढळतात. त्यांना अल्फा, डेल्टा आणि ईटा अशी नावे आहेत. उत्तरेला जम्मू, दक्षिणेला कन्याकुमारी, पश्चिमेला द्वारका आणि पूर्वेला दिब्रुगड, एवढ्या विस्तारातील ४५ ठिकाणांच्या माश्या त्यांनी तपासल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले, की प्रत्येक ठिकाणी या खंडांचे प्रमाण वेगळे आहे.

यात नवल काय, असे वाटेल. नवल असे, की ही माशी फळांच्या टोपल्यांतून सतत प्रवास करीत असते. केळ्यांचा ट्रक एका रात्रीत दोन राज्ये ओलांडतो आणि त्याबरोबर चिलटेही जातात. इतके मिसळूनही फरक पुसला जात नाही. दोन कारणे संभवतात. एक नैसर्गिक निवड: स्थानिक हवेला जे रूप मानवते त्याचे वाहक अधिक पिल्ले मागे ठेवतात. दुसरे केवळ योगायोग: ट्रकमधून उतरलेल्या चार माश्यांत जे रूप होते तेच त्या गावी वाढले. दोहोंतील भेद ओळखण्याची एक खूण आहे. योगायोगाने आलेला फरक अस्ताव्यस्त असतो; निवडीने आलेला फरक हवामानाच्या उताराबरोबर एका दिशेने सरकतो, आणि दूरच्या दुसऱ्या खंडातही तसाच सरकलेला सापडतो.

सडक्या फळात मद्यार्क तयार होतो आणि तो पचवण्यासाठी माशीच्या अंगात एक विकर असते. त्या विकराच्या दोन प्रमुख रूपांपैकी अधिक वेगाने काम करणाऱ्या रूपाचे प्रमाण विषुववृत्तापासून दूर जावे तसे वाढते. भारतात ते वाढते आणि ऑस्ट्रेलियातही वाढते. हा योगायोग म्हणणे कठीण आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर या उताराची सुमारे वीस वर्षांच्या अंतराने पुन्हा मोजणी झाली, तेव्हा तो सुमारे चार अंश अक्षांशांइतका सरकलेला दिसला. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. हवामान उष्ण होत असल्याची नोंद माशीने आपल्या जनुकांत करून ठेवली होती.

पाठगत प्रश्न २

(अ) गुणसूत्रावरील ‘उलटा खंड’ म्हणजे काय, ते एखादे वेगळे उदाहरण घेऊन सांगा.
(आ) फरक निवडीने आला की योगायोगाने, हे ओळखण्याची कोणती खूण पाठात दिली आहे?

बागायतदाराचा प्रश्न

सडक्या केळ्यावरील चिलटाचा एवढा विचार करून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली, कारण तपासणीत काही खेपांमध्ये मोठ्या फळमाशीच्या अळ्या सापडल्या होत्या. हंगाम ऐन भरात होता. ही बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्यात आली. पण त्या वर्षीचा आंबा तोवर केव्हाच संपला होता. या माशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा तयार केला आहे. त्यातील मिथिल युजेनॉलच्या वासाने नर येतात आणि अडकतात. गळलेली, किडलेली फळे गोळा करून खोल पुरण्याचा जुना उपायही तितकाच महत्त्वाचा आहे. सरसकट फवारणीवर मात्र पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, आणि त्याचे कारण चिलटाने दाखवून दिले आहे.

डीडीटी हे कीटकनाशक दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वापरले जाऊ लागले. काही वर्षांतच त्याला दाद न देणाऱ्या मेलानोगॅस्टर माश्या आढळल्या. २००२ साली त्याचे कारण उलगडले. एका जनुकाशेजारी डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला होता. त्यामुळे ते जनुक नेहमीपेक्षा जोमाने काम करी आणि विष निकामी करी. दूरदूरच्या देशांतील दाद न देणाऱ्या माश्यांत जनुकाचे हेच रूप सापडले. ‘औषधाची माशीला सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते, ते चूक आहे. कोणत्याही एका माशीला सवय झालेली नव्हती. ज्यांच्याजवळ ते रूप नव्हते त्या मेल्या. ज्यांच्याजवळ होते त्यांचीच संतती उरली. फवारणीने नवे काही निर्माण केले नाही, तिने फक्त चाळण लावली. म्हणून एकच औषध पुन्हा पुन्हा न मारता आलटून पालटून वापरावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. एका चाळणीतून सुटलेली माशी दुसरीत सापडण्याची आशा असते.

पावसाळी रानातील माशी

माशीचा नायनाट करू पाहणाऱ्याला तिची विविधता अडचणीची वाटते. पण जी जात टिकावी असे वाटते, तिच्यापाशी असा साठा आहे काय, हा प्रश्न आता उष्ण होत चाललेल्या जगात फार मोलाचा झाला आहे. त्याचे एक उत्तर शोधले गेले ते ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील सदाहरित पावसाळी रानात. तेथे ड्रोसोफिला बर्ची नावाची माशी राहते. बाजार, घर, टोपली यांच्याशी तिचा संबंध नाही. ओले रान हाच तिचा अधिवास.

एरी हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माश्यांना अतिशय कोरड्या हवेत ठेवले, ज्या अखेरपर्यंत टिकल्या त्यांचीच पिल्ले वाढवली आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. इतर अनेक जातींत अशा निवडीने काही पिढ्यांत काटक माश्या तयार होतात. बर्चीच्या बाबतीत तीसहून अधिक पिढ्या गेल्या, तरी काटकपणा वाढला नाही. इतर गुणधर्मांत या माशीत भरपूर विविधता होती. जी हवी होती नेमकी तीच दिसत नव्हती. २००३ साली हे प्रसिद्ध झाले आणि ओल्या रानातील जीव कोरड्या दिवसांना तोंड देऊ शकणार नाहीत, अशी चिंता पसरली.

२०१४ साली बेलिंडा व्हॅन हीरवार्डन आणि कार्ला स्ग्रो या संशोधकांनी त्याच प्रयोगाची एक अट बदलली. पहिल्या प्रयोगात हवेची आर्द्रता दहा टक्क्यांहूनही कमी होती. इतकी कोरडी हवा त्या रानात कधी नसतेच. त्यांनी ती ३५ टक्के ठेवली. या वेळी माश्यांमधील आनुवंशिक फरक दिसून आले आणि निवड करताच थोड्याच पिढ्यांत काटकपणा वाढला. पहिला प्रयोग खोटा नव्हता. त्याने विचारलेला प्रश्न इतका कठोर होता, की कोणालाच उत्तर देता आले नाही आणि म्हणून कोणाची तयारी अधिक होती हे कळलेच नाही. ३५ टक्के आर्द्रतेत ही माशी वाट काढू शकते, असे दिसले; दहा टक्क्यांहून कमी आर्द्रतेत तसे दिसले नाही.

स्वाध्याय

१. ‘औषधाची माशीला सवय झाली’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चूक का आहे? तेच योग्य शब्दांत लिहा.

२. कोरडेपणा आणि उपास सोसण्याच्या शक्तीविषयी भारतातील माश्यांत काय आढळले? त्याची कारणे सांगा.

३. ड्रोसोफिला बर्चीवरील दोन प्रयोगांचे निष्कर्ष वेगळे का आले, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.

४. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : ओघाने येणे, भिस्त ठेवणे, दाद न देणे, तग धरणे.

५. तुमच्या घरात किंवा नात्यात गाव सोडून दूर स्थायिक झालेले कोणी असेल, तर त्यांच्या बोलण्यात आणि तुमच्या बोलण्यात कोणते फरक आहेत त्यांची नोंद करा. त्यांतील कोणते फरक परिसराने घडवले, ते सांगण्याचा प्रयत्न करा.

६. उपक्रम : दोन रिकाम्या बाटल्यांत पिकलेल्या केळ्याचा तुकडा घाला. एक बाटली स्वयंपाकघरात व दुसरी अंगणातील झाडाच्या सावलीत ठेवा. तोंडाला कागदाचे नरसाळे बसवा, म्हणजे आत गेलेली चिलटे सहज बाहेर पडणार नाहीत. तीन दिवसांनी दोन्ही बाटल्यांतील चिलटांची संख्या मोजा आणि त्यांचे आकार, पोटाचा रंग व डोळ्यांचा रंग पाहून नोंद करा. दोन्हींकडे एकाच जातीची चिलटे आली आहेत असे तुम्हांला वाटते काय? नोंद झाल्यावर चिलटे बाहेर सोडून द्या.